मोठी थ्रॉटल बॉडी बसवली आणि स्लो नाचू लागला: तपासणी कुठून सुरू करायची

झेन, अल्टो, वॅगन-आर, जुनी आठशे. गाडी छोटी, इंजिन आठशे ते अकराशे सीसीचं, आणि त्यावर कुणीतरी मोठ्या इंजिनाची थ्रॉटल बॉडी चढवलेली. थ्रॉटल बॉडी म्हणजे इंजिनात हवा जाते ती वाट; तिच्या भोकातली गोल पाती पेडल दाबलं की उघडते. बडोद्यात माझ्या गॅरेजमध्ये अशी गाडी वर्षातून सात-आठ वेळा तरी येते. बऱ्याचशा कलाभवनात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुलांच्या असतात, काही वडिलांची गाडी हौसेने जपणाऱ्यांच्या. आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच: "दादा, जरा स्लो सेट करून द्या ना." स्लो म्हणजे पेडलवर पाय नसताना इंजिन ज्या आरपीएमवर चालतं तो.

स्लोचा स्क्रू फिरवून हा त्रास जात नाही, वाढतो. तो का, हे पुढे येईलच. आधी लक्षणं.

तुमच्या गाडीला नेमकं काय होतंय?

इंजिन गरम झालंय, पाय पेडलवरून उचललाय. आरपीएमचा काटा ९०० वर येतो, तिथून १८०० वर चढतो, परत पडतो. दोन-तीन सेकंदांची एक फेरी, आणि ती थांबतच नाही. याला आम्ही स्लो नाचणं म्हणतो.

दुसरा प्रकार: काटा नाचत नाही, पण १५०० च्या खाली उतरतही नाही. सिग्नलला उभं असताना इंजिन घोंघावत राहतं.

तिसरा: न्यायमंदिर ते मांडवी असल्या गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना गाडी आचके देते. पाय जरासा दाबला की उडी, जरासा सोडला की डोकं पुढे.

चौथा: क्लच दाबून गाडी थांबवताना इंजिन बंद पडतं. एसी चालू असेल किंवा रात्री हेडलाइट लावलेले असतील तर हमखास.

या चारांच्या जोडीला चेक इंजिनचा दिवा, पडलेलं ॲव्हरेज, सायलेन्सरला पेट्रोलचा वास यांतलं काहीही असू शकतं.

आणि एक लक्षण या सगळ्यांपासून वेगळं काढा. पाय पूर्ण उचलल्यावरही इंजिनाने रेस धरून ठेवली, तर पाती अडकते आहे. ती गाडी रस्त्यावर न्यायची नाही, "गॅरेजपर्यंतच जातो" असंही नाही. चालत्या गाडीत असं झालं तर क्लच दाबा, ब्रेक लावा, गाडी कडेला घ्या आणि मग इग्निशन बंद करा. गाडी चालू असताना चावी पूर्ण फिरवून काढू नका, स्टेअरिंग लॉक होतं.

त्रास मिटलेल्या पातीचा असतो

थ्रॉटल बॉडी मोठी केली म्हणून लोक पूर्ण उघड्या पातीचा विचार करतात. पण गॅरेजला येणारी गाडी पाती मिटलेली असताना बिघडलेली असते. थोडा हिशेब करून बघू.

झेनचं इंजिन ९९३ सीसीचं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण भरतं. म्हणजे ६००० आरपीएमला, पूर्ण भरतं असं धरलं तरी, मिनिटाला साधारण ३००० लिटर हवा, सेकंदाला ५० लिटर. समजा मूळ भोक ४० मिलिमीटरचं आहे. त्यातून ही हवा सेकंदाला सुमारे ४० मीटर वेगाने जाते. भोक ४६ मिलिमीटरचं केलं तर क्षेत्रफळ ३२ टक्क्यांनी वाढतं आणि वेग ३० मीटरवर येतो. ऐकायला छान आहे. पण ४० मीटर वेग देण्यात जाणारा दाब जेमतेम १ किलोपास्कल आहे, आणि बाहेरची हवा १०० किलोपास्कलची. पाती आणि तिचा दांडा मध्ये येतो त्याची अडचण धरा, तरी सगळ्या खटाटोपात वाचणारा दाब एखाद्या टक्क्याच्या आसपास.

मग गाडी "एकदम उडते" असं का वाटतं? कारण पेडल तेवढंच दाबलं तरी हवा आधीपेक्षा जास्त जाते. ताकद वाढलेली नसते, ती पेडलच्या पहिल्या पावभागात गोळा झालेली असते. तिसऱ्या प्रकारातले आचके बहुधा यातूनच येतात.

आता मिटलेली पाती घ्या. पाती आणि भोकाच्या भिंतीमध्ये सगळीकडून ०.०५ मिलिमीटरची फट आहे असं समजा. ४६ मिलिमीटरच्या भोकाचा घेर १४४ मिलिमीटरच्या वर. दोन्हींचा गुणाकार सव्वासात चौरस मिलिमीटरच्या आत-बाहेर, म्हणजे ३ मिलिमीटरच्या गोल भोकाएवढा. एक लिटरच्या गरम इंजिनाला स्लोवर चालायला जी हवा लागते, तिचा निम्म्याहून अधिक भाग एवढ्या भोकातून जाऊ शकतो. त्यात बॉडी भंगारातली, लाखभर किलोमीटर चाललेली, दांड्याला खेळ आलेला. फट दुप्पट झाली तर स्लोचा वॉल्व्ह (पाती मिटलेली असताना बाजूच्या वाटेने हवा सोडतो तो) पूर्ण बंद करूनही इंजिनाला जास्तच हवा मिळते.

नाचण्याचं कारणही इथंच आहे. या गाड्यांपैकी बहुतेकींत मॅप सेन्सर असतो, तो इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे पातीपासून इंजिनाकडे जाणाऱ्या हवेच्या वाटेतला, दाब मोजतो. जास्तीची हवा आली की दाब वाढतो, ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या हिशेबाने पेट्रोल वाढवतो, आरपीएम चढतो. पण पाती मिटलेली आहे आणि आरपीएम ठरलेल्या मर्यादेच्या वर गेलाय, याचा ईसीएमच्या लेखी अर्थ एकच: गाडी उतारावर आहे, ड्रायव्हरने पाय उचललाय. तो इंजेक्टर बंद करतो. आरपीएम पडतो. खालच्या मर्यादेवर तो पेट्रोल परत सुरू करतो, आणि फेरी पहिल्यापासून.

म्हणून काटा नाचत असेल तर ईसीएमला पाती मिटलेली दिसते आहे आणि हवा जास्त येते आहे. काटा १५०० वर स्थिर चिकटला असेल तर शक्यता ही की ईसीएमला पाती उघडी दिसते आहे, तो समजतो ड्रायव्हरचा पाय पेडलवर आहे, आणि स्लो सांभाळायच्या फंदात पडतच नाही. पहिल्यात हवेची गळती शोधायची, दुसऱ्यात स्क्रू, केबल आणि थ्रॉटल सेन्सर (पाती किती उघडली ते ईसीएमला सांगणारा) बघायचा. एवढा फरक ओळखलात तर निम्मं काम झालं.

फुकटची तपासणी

इंजिन बंद ठेवा. पायाखालची मॅट पेडलला अडकत नाही ना बघा. मग बॉनेट उघडून थ्रॉटलची चकती, जिला पेडलची केबल जोडलेली असते ती, हाताने पूर्ण फिरवा आणि सोडून द्या. ती टक् असा आवाज करत जागेवर आली पाहिजे. आवाज मऊ आला किंवा शेवटचा केसभर भाग रेंगाळत गेला, तर केबल ताणलेली आहे किंवा पाती भिंतीला घासते आहे.

केबलला ढील हवी, बोटाने बाजूला ढकलली तर काही मिलिमीटर हलेल इतकी. मोठ्या बॉडीची चकती अनेकदा वेगळ्या मापाची असते आणि केबलचा ब्रॅकेट जुनाच ठेवलेला असतो. मग बंद इंजिनावर सगळं ठीक दिसतं, पण क्लच सोडताना इंजिन आपल्या माउंटिंगवर झुकतं आणि केबल ओढली जाते. गिअर टाकताना आपोआप रेस वाढते अशी तक्रार असेल तर आधी हे बघा.

आता स्क्रू. पाती मिटल्यावर चकतीचा दांडा ज्या छोट्या स्क्रूवर टेकतो, तो. कंपनीतून आलेल्या बॉडीवर त्याच्यावर रंगाचा ठिपका किंवा टोपी असते. हा स्क्रू स्लो सेट करायला दिलेलाच नाही. पाती भोकात रुतून बसू नये, म्हणून तिला केसभर आधी थांबवायचं, एवढंच त्याचं काम. कार्ब्युरेटरवर हात बसलेले जुने लोक सवयीने तोच फिरवतात. एक पूर्ण फेरा दिला की पाती उघडते, सोबत सेन्सरचा व्होल्टेजही बदलतो, आणि नाचणारी गाडी चिकटणारी गाडी होते. एका आजाराच्या जागी दुसरा येतो आणि मालकाला वाटतं फरक पडला.

दांडिया बाजारातले एक काका गेल्या उन्हाळ्यात आले होते. चार ठिकाणी स्लो सेट करून झालेला. ठिपक्याचा अर्धा भाग स्क्रूवर आणि अर्धा बॉडीवर, दोघांत पाव फेऱ्याचं अंतर. निदान मला तसं वाटलं. ठिपके जुळवले तरी पाती अर्धवट उघडीच. मग लक्षात आलं की पाव नव्हे, सव्वा फेरा आहे. ठिपका बघून किती फेरे फिरले ते कळत नाही, म्हणून मी आता ठिपक्यावर विसंबत नाही. स्क्रू पूर्ण मागे घेतो, पाती हलकेच मिटू देतो, मग स्क्रू दांड्याला टेकेपर्यंत आणतो आणि तिथून फक्त पाती रुतणार नाही इतका पुढे घेतो. वहीच्या कागदाची पट्टी दांडा आणि स्क्रूच्या मध्ये धरली तर निसटता अटकाव जाणवतो, तेवढं बस. हे करण्याआधी स्क्रूची मूळ जागा फोटो काढून आणि फेरे मोजून लिहून ठेवा.

हे सगळं झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार दहा-पंधरा मिनिटं काढून ठेवा. ईसीएमने जुन्या बॉडीप्रमाणे शिकून ठेवलेला स्लोचा हिशेब त्यामुळे बहुतेक गाड्यांत पुसला जातो. नंतर एसी आणि दिवे बंद ठेवून इंजिन सुरू करा आणि रेडिएटरचा पंखा दोनदा चालू-बंद होईपर्यंत पेडलला पाय लावू नका. रेडिओचा कोड असेल तर तो आधी हाताशी ठेवा. यातून गाडी दोन दिवस बरी चालून पुन्हा नाचायला लागली, तर गळती आहेच; ईसीएम तिच्याशी जुळवून घेता घेता थकला, इतकंच.

नळ्या

मोठ्या बॉडीला व्हॅक्युमची तोंडं वेगळी असतात. मूळ बॉडीला तीन, हिला पाच; किंवा संख्या तीच पण एक पातीच्या वर असायचं ते खाली. उरलेल्या तोंडाला टोपी लावलेली असते, आणि टोपी म्हणजे पुष्कळदा नळीचा तुकडा नि त्यात ठोकलेला स्क्रू. बडोद्याच्या मे महिन्यात बॉनेटखाली तो रबर वर्षभरात तडकतो.

सोपी रीत: इंजिन चालू ठेवून एकेक नळी पकडीने हलकेच दाबायची. जी दाबल्यावर नाचणं थांबतं ती नळी, किंवा ती जिथे जाते ती वस्तू, दोषी. पकडीच्या दातांना आधी कापड गुंडाळा, नाहीतर तुम्हीच नवी गळती कराल. पीसीव्हीची (इंजिनाच्या आतली वाफ परत ओढणारी) नळी, पेट्रोलची वाफ ओढणाऱ्या कॅनिस्टरची नळी आणि ब्रेक बूस्टरची नळी, या तिन्ही नक्की तपासा. कॅनिस्टरची नळी पातीच्या चुकीच्या बाजूला जोडलेली मला फार वेळा सापडते. मग स्लोवर सतत वाफ ओढली जाते आणि दुपारच्या उन्हात उभी असलेली गाडी सुरू होताना त्रास देते. ब्रेक बूस्टरच्या नळीवर कसलेही प्रयोग गाडी चालवत करू नका. तिथे व्हॅक्युम कमी झाला तर ब्रेक दगडासारखा होतो.

जोडांवर साबणाचं पाणी फवारून आवाज बदलतो का ऐका. काही जण कार्ब क्लीनर मारून बघतात. गरम एक्झॉस्टशेजारी ती आग लागायची रीत आहे, मी ती करत नाही.

मेणाचा वॉल्व्ह: बडोद्याची खास चूक

जुन्या बऱ्याच थ्रॉटल बॉड्यांतून कूलंटच्या दोन बारीक नळ्या जातात. लोक म्हणतात, "ही तर थंड देशांसाठी, बर्फ धरू नये म्हणून. आपल्याकडे कशाला?" आणि दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून बॉडी कोरडी ठेवतात. मोठ्या बॉडीची तोंडं वेगळ्या बाजूला असली की हा मोह जास्तच होतो.

बर्फाचं कारण खरं, पण ते एकटं नाही. अशा अनेक बॉड्यांमध्ये मेण भरलेली एक डबी असते. इंजिन गार असताना मेण घट्ट, वॉल्व्ह उघडा, जास्तीची हवा आत, म्हणून सकाळी आरपीएम चढा राहतो. कूलंट तापला की मेण वितळून फुगतं आणि वॉल्व्ह मिटतो. नळ्या काढल्या तर मेणापर्यंत ऊब पोहोचतच नाही, पोहोचली तरी फार उशिरा. गाडी दिवसभर सकाळच्या चालीत राहते.

हालोलला रोज नोकरीला जाणारा एक मुलगा हीच तक्रार घेऊन आला होता. त्याने सेन्सर बदलला, स्लोचा वॉल्व्ह बदलला, पैसे गेले. मी बॉडीच्या तळाला हात लावला. इंजिन अर्धा तास चाललेलं आणि तळ नुसता कोमट. वाफाळत्या पाण्याचं भांडं मागवलं, कापड भिजवून पिळलं आणि डबीच्या जागेवर धरलं. मिनिटभरात काटा १७०० वरून उतरू लागला, ९०० च्या जवळ येऊन थांबला. तो मुलगा काट्याकडे बघत राहिला, मग कापडाकडे. नळ्या जोडून दिल्या, काम संपलं.

ही तपासणी फुकट आहे, पण कूलंटच्या नळीला हात इंजिन गार असतानाच लावा, गरम इंजिनाचं झाकण उघडू नका. नळ्या परत जोडल्यावर हवा काढायला विसरू नका. आत बुडबुडा राहिला तर तापमानाचा काटा वरखाली होतो, स्लोही त्याच्यासोबत हलतो, आणि तुम्ही वेगळाच दोष शोधत बसता.

बॉडी उतरवून बघायच्या गोष्टी

आता पाना हातात घ्यावा लागेल. बॉडी काढा, पाती मिटू द्या आणि मागून टॉर्च धरा. कडेने सगळीकडे सारखी, केसासारखी उजेडाची रेघ दिसली तर ठीक. एका बाजूला चंद्रकोर दिसली तर पाती तिरकी बसली आहे किंवा दांड्याची जागा झिजली आहे. पातीचं टोक धरून वर-खाली हलवा. खेळ लागला तर ती बॉडी ठेवण्यात अर्थ नाही.

पातीच्या कडेला आणि भिंतीला जो काळपट लेप दिसतो तो खरवडू नका. बऱ्याच बॉड्यांत तो कंपनीने फट बुजवायला लावलेला असतो. भंगारवाला बॉडी चकचकीत करून विकतो तेव्हा तोच लेप आधी जातो आणि हवा गळायला लागते. चांदीसारखी चमकणारी जुनी बॉडी मला नेहमी संशयास्पद वाटते. कार्बन काढायचाच तर मऊ कापडावर थ्रॉटल बॉडी क्लीनर घेऊन पुसा. पातीचे दोन स्क्रू मात्र सोडवू नका. त्यांची टोकं ठेचून बसवलेली असतात; एक ढिला होऊन आत पडला तर तो थेट इंजिनात जातो.

मग पॅकिंग आणि मधली प्लेट. झेन आणि एस्टीम या दोघींची इंजिनं, ९९३ आणि १२९८ सीसीची, सुझुकीच्या एकाच जी मालिकेतली, म्हणून हा बदल लोकांना सोपा वाटतो. इतर जोड्यांत बोल्टची भोकं जुळत नाहीत आणि मकरपुरा जीआयडीसीत लेथवर ॲल्युमिनियमची मधली प्लेट करून घ्यावी लागते. तिथले कारागीर हातचे पक्के आहेत, प्लेट मापात देतात. चूक होते ती आपण दिलेल्या नमुन्यात. मधलं मोठं भोक सगळे काढतात, पण शेजारी स्लोच्या हवेची जी छोटी वाट असते ती काढायची राहते. मग स्लोचा वॉल्व्ह उघडतो खरा, पण त्याची हवा प्लेटला जाऊन थडकते, आणि एसी लावला की इंजिन बंद पडतं. चौथ्या प्रकाराचं हे ठरलेलं कारण. उलटही होतं: ती वाट नको तिथे कापली जाते आणि हवा थेट बाहेरून येते.

प्लेट सपाट आहे का ते जाड काचेवर ठेवून बघा. कोपऱ्यावर दाबल्यावर डुलली तर काचेवर बारीक पॉलिश पेपर पसरून तिच्यावर आठ आकडा काढत घासा. सिलिकॉन थापून वेळ मारून नेऊ नका. पेट्रोलच्या वाफेने साधं सिलिकॉन फुगतं, आणि आत लोंबणारा तुकडा स्लोची वाट बंद करतो. पॅकिंग नवंच घ्या आणि त्याचं भोक बॉडीच्या भोकाएवढं आहे ना बघा. मॅनिफोल्डचं तोंड ४० चंच राहिलं असेल आणि बॉडी ४६ ची, तर मध्ये ३ मिलिमीटरची पायरी होते. मग एवढा खर्च कशासाठी केला? प्लेटच्या आतून उतार काढून घ्या, निदान हवा पायरीवर आपटणार नाही.

मल्टिमीटर

थ्रॉटल सेन्सरला तीन तारा: ५ व्होल्ट, अर्थ आणि सिग्नल. चावी चालू, इंजिन बंद. पाती मिटलेली असताना सिग्नल साधारण अर्धा ते एक व्होल्ट, पूर्ण उघडल्यावर चार-साडेचारच्या आसपास. गाडीगणिक थोडा फरक असतो, म्हणून उत्तम उपाय हा की मूळ बॉडी काढण्याआधीच तिचा मिटलेला आकडा लिहून ठेवायचा आणि नव्या बॉडीवर सेन्सर फिरवून तोच आणायचा. पाती अगदी हळू उघडत न्या. आकडा सलग चढला पाहिजे. मध्येच घसरला किंवा शून्याला जाऊन आला तर सेन्सरचा ट्रॅक झिजलाय, आणि आचके तिथेच बसतात. सुईचा मीटर असेल तर हे जास्त चांगलं दिसतं.

दोन फसवणुकी होतात. कनेक्टर सारखा दिसतो पण तारांचा क्रम वेगळा असतो. किंवा सेन्सर उलट दिशेने फिरणारा असतो आणि पाती उघडताना व्होल्टेज उतरतो. शिवाय काही सेन्सरमध्ये पाती मिटल्याचं सांगणारा वेगळा स्विच असतो, काहींत नसतो. जमेल तिथे आपल्या मूळ बॉडीचाच सेन्सर नव्यावर बसवा. स्लोच्या वॉल्व्हचंही तेच. काहींत स्टेपर मोटर असते, काहींत उघडझाप करणारा सोलेनॉइड. दोघांना विजेचे इशारे वेगळे लागतात, आणि ईसीएमला फक्त आपल्या घरचा वॉल्व्ह चालवता येतो.

पुरात उभ्या राहिलेल्या गाडीचे कनेक्टर उघडून बघाच. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली त्यानंतर कित्येक महिने मला पिनांवर हिरवा थर सापडत होता. वरून प्लग कोरडा, आतून किटलेला. त्या थराने अर्ध्या व्होल्टचा फरक पडतो, आणि ईसीएमला तेवढा पुरतो.

स्कॅनर असेल तर मॅपचा आकडा बघा. बडोदं समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, त्यामुळे चावी चालू आणि इंजिन बंद असताना तो १०० किलोपास्कलच्या जवळ हवा. तो चुकला तर आधी सेन्सर किंवा त्याची नळी. गरम इंजिन, एसी बंद, स्लोवर तो साधारण ३० ते ४० मध्ये असतो. ५० च्या पुढे गेला तर गळती अजून शिल्लक आहे. जुन्या गाड्यांत स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर ईसीएमशी बोलतच नाही, त्यात तुमचा दोष नाही.

सीएनजीवर चालणारी गाडी

पेट्रोलवर ठीक आणि गॅसवर नाचते, अशी गाडी असेल तर बॉडीच्या आधी मिक्सर, म्हणजे हवेत गॅस मिसळणारा भाग, बघायला हवा. जुन्या व्हेंचुरी किटमध्ये मिक्सर थ्रॉटल बॉडीच्या तोंडाशी बसतो आणि त्याचं माप मूळ भोकाशी जुळवलेलं असतं. बॉडी मोठी केली की हवेचा वेग उतरतो, मिक्सर गॅस नीट ओढत नाही, आणि उलटा भडका उडून एअर फिल्टरचा डबा फुटतो. इथे घरी काही करू नका. गॅसचं काम परवाना असलेल्या किटवाल्याकडेच, आणि गळतीची तपासणी करून घेऊनच.

कुठे थांबायचं

पाती एकदाही अडकली असेल, बॉनेटखाली पेट्रोलचा किंवा गॅसचा वास येत असेल, ओझं असताना इंजिन खडखडत असेल, तापमान चढत असेल, तर पाना खाली ठेवा आणि गाडी टो करून न्या.

पेडलला केबल नसलेल्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाडीत हा बदल करूच नका. तिथे किती अंशाला किती हवा जाते याचा तक्ता ईसीएममध्ये भरलेला असतो, पाती मोटर फिरवते, आणि हिशेब जुळला नाही की गाडी स्वतःहून वेग कमी करून घेते. तो तक्ता बदलणं ट्युनिंगवाल्याचं काम आहे, तेही ज्याच्याकडे हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजायचं यंत्र आहे त्याचं. आणि अशा पातीत चावी चालू असताना बोट घालू नका. ती झटक्यात मिटते आणि बोट चिरते.

वरचं सगळं करूनही नाचणं राहिलं, तर मूळ बॉडी परत चढवा. तिच्यावर गाडी शांत चालली तर दोष नव्या बॉडीत. तिच्यावरही नाचली, तर दोष आधीपासूनचा होता, वॉल्व्ह सेटिंग, प्लग, कॉम्प्रेशन असा काहीतरी, आणि तो चांगल्या मेकॅनिककडून तपासून घ्या. याचसाठी मूळ बॉडी भंगारात देऊ नका. तिचे बोल्ट आणि पॅकिंग एका पिशवीत बांधून तिच्याबरोबरच ठेवा.

पीयूसी पुन्हा काढून बघा. विमा कंपनीला आणि आरटीओला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये वाहनातल्या बदलांवर बंधनं आहेत, आणि अपघातानंतर त्याची चर्चा करणं महागात पडतं.

काम झाल्यावर मी गाडी अशी बघतो: इंजिन पूर्ण गरम, एसी पूर्ण, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. काळा घोडा सर्कलकडे जाताना दुसऱ्या गिअरमध्ये पाय उचलायचा, क्लच दाबायचा आणि गाडी आपोआप थांबू द्यायची. काटा ९०० च्या जरा खाली जाऊन परत वर येऊन स्थिरावला पाहिजे, एकदाच. हे दहा वेळा करतो, मग गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी गार इंजिनावर परत एकदा. आठवड्याने बॉडीचे चारही बोल्ट, इंजिन गार असताना, एकदा पान्याने तपासतो. नवं पॅकिंग बसतं आणि बोल्ट किंचित ढिले होतात.